शहराचा वारसा मोबाइलवरून पर्यटकांपर्यंत कसा न्यावा: पहिल्या नोंदीपासून देखभालीपर्यंत

शहरातल्या वारशासाठी 'डिजिटल काहीतरी' करायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो : अ‍ॅप कोणाकडून करून घ्यायचं? घोडं अडतं ते इथेच. अ‍ॅप तयार होतं, उद्घाटन होतं, नव्याचे नऊ दिवस सरतात आणि फोनची नवी आवृत्ती आली की ते उघडेनासं होतं. त्यात भरलेली माहितीही त्याच्याबरोबर जाते. क्रम उलटा केला तर हे टळतं. आधी पक्की आणि खुली नोंद करायची, मग त्या नोंदीतून गोष्ट लिहायची आणि सगळ्यात शेवटी त्या गोष्टीला साजेसं साधन निवडायचं. नगरपालिकेचा विभाग असो, संग्रहालय असो की हौसेने हेरिटेज वॉक घेणारे चार जण असोत, काम याच क्रमाने करावं.

१. हद्द आखा, अडचण लिहून काढा

अख्खं शहर एकदम हाती घेऊ नका. दीड-दोन किलोमीटरची पायी फेरी आणि दहा-बारा थांबे सुरुवातीला पुरेत. एवढं अंतर थांबत थांबत, न दमता दोन तासांत होतं.

थांबे निवडताना फक्त संरक्षित इमारतींच्या यादीवर विसंबू नका. ऐतिहासिक शहरांबाबत युनेस्कोने २०११ मध्ये केलेली शिफारस या कामात फार उपयोगी आहे. रस्त्यांची ठेवण, मोकळ्या जागा, जमिनीचा चढउतार, तिथले व्यवसाय, लोकांचे रीतिरिवाज हे सगळं मिळून शहराचा वारसा होतो, असं ती सांगते. म्हणून बारापैकी तीन-चार थांबे तरी इमारत नसलेले ठेवा : एखादा पाण्याचा जुना मार्ग, बाजाराचा चौक, पिढ्यान्‌पिढ्या एकच काम चालणारी गल्ली.

मग नेमकी अडचण एका वाक्यात लिहा. 'पर्यटन वाढवणे' हे उद्दिष्ट फार ढोबळ आहे, त्यावर काम करता येत नाही. 'मुख्य चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि दोन गल्ल्या पलीकडच्या जुन्या गोदामांकडे कोणी फिरकत नाही' या वाक्यावर काम करता येतं. पुढचा प्रत्येक निर्णय या वाक्याशी ताडून बघा.

२. तिथे राहणाऱ्यांना आधी विचारा

ज्यांच्या दारासमोर उद्या माणसं थांबणार आहेत, त्यांना ही गोष्ट आधी कळली पाहिजे. पायरीवर कोण बसतं, कुठल्या वेळी शांतता लागते, प्रार्थनेच्या जागी कुठपर्यंत कॅमेरा चालतो, हे बाहेरून आलेल्या माणसाला दिसत नाही. काही गोष्टी सांगण्याजोग्या असतात पण दाखवण्याजोग्या नसतात. तशी स्वतंत्र यादी करा आणि ती शेवटपर्यंत पाळा.

३. नोंद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नोंदीचं मोल कळायला वॉर्सा शहर बघावं. दुसऱ्या महायुद्धात तिथलं जुनं शहर जमीनदोस्त झालं. ते पुन्हा उभं करताना आधार झाला तो अठराव्या शतकातल्या बेर्नार्दो बेल्लोतो या चित्रकाराच्या चित्रांचा आणि युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोजणीच्या नकाशांचा. १९८० मध्ये ते जुनं शहर जागतिक वारसा यादीत आलं. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली, तेव्हा कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी पूर्वी केलेलं लेझर स्कॅनिंग हाताशी होतं. यातलं काहीच आपत्ती येणार म्हणून तयार झालं नव्हतं. अभ्यासासाठी, आवडीपोटी केलेली नोंद वेळेला कामी आली.

तुमची नोंद साध्या स्प्रेडशीटमध्ये सुरू करा. एका ओळीत एक स्थळ. रकाने असे ठेवा : न बदलणारा क्रमांक, आजचं नाव, लोकांच्या तोंडचं नाव, जुनी नावं, अक्षांश-रेखांश, बांधकामाचा काळ, मूळ वापर, आजचा वापर, मालकी खासगी की सार्वजनिक, आत जाता येतं का आणि कधी, पायऱ्या किती, माहिती कुठून मिळाली आणि ती कितपत पक्की आहे. शेवटचे दोन रकाने कधीही रिकामे सोडू नका. पक्केपणासाठी तीन खुणा पुरतात : 'कागदपत्र आहे', 'अनेकांनी सांगितलं', 'दंतकथा'. दंतकथा जरूर सांगावी, पण दंतकथा म्हणूनच. पर्यटकाला खोटा इतिहास घेऊन परत पाठवणं हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे, कारण एकदा इंटरनेटवर गेलेली चूक दहा ठिकाणी उतरवली जाते आणि मग तीच पुरावा म्हणून परत तुमच्यासमोर येते.

अख्ख्या शहराची नोंद करायची वेळ आली तर 'आर्चेस' (Arches) ही खुली प्रणाली बघा. गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी ती खास वारशाच्या नोंदींसाठी तयार केली आणि लॉस एंजेलिस शहर ती वापरतं. बारा थांब्यांसाठी मात्र तिची गरज नाही.

फोटो काढताना प्रत्येक स्थळाचे किमान चार प्रकार घ्या : समोरून पूर्ण, रस्त्यासकट लांबून, जवळून एखादा तपशील, आणि तिथे काम करणारी माणसं (त्यांच्या परवानगीने). मूळ फाइली जशाच्या तशा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो, तो नोंदीत चालत नाही.

वयस्क रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणं हे सगळ्यात तातडीचं काम आहे. इमारत आणखी दहा वर्षं उभी राहील, आठवण सांगणारं माणूस राहीलच असं नाही. पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि शक्यतो डब्ल्यूएव्ही (WAV) या आवाज न आकसवणाऱ्या स्वरूपात ध्वनिमुद्रण करा. 'जुना काळ कसा होता?' असं विचारलं तर ठरावीक उत्तर येतं. 'सकाळी उठल्यावर या खिडकीतून पहिला आवाज कुठला यायचा?' असं विचारा, माणूस खुलतं. ध्वनिमुद्रण कुठे वापरणार हे सांगून लेखी संमती घ्या आणि नंतर ती मागे घेण्याची मुभाही ठेवा.

४. हक्कांचा गुंता आधीच सोडवा

जुने फोटो कोणाचे, नकाशे कोणाचे, आवाज कोणाचा? प्रत्येक फाइलपुढे लिहून ठेवा. तुमच्या स्वतःच्या साहित्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना ते कोणत्या अटींवर वापरता येईल हे आधीच सांगणारा तयार परवाना निवडा. नाव देऊन कोणालाही वापरता येईल असा परवाना प्रसाराला सगळ्यात सोयीचा.

सार्वजनिक जागेतल्या वास्तूचा फोटो छापायला परवानगी लागते का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. आयफेल टॉवरचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ग्युस्ताव्ह आयफेल १९२३ मध्ये वारले, त्यामुळे दिवसा काढलेल्या टॉवरच्या फोटोला अडचण नाही. पण रात्रीची रोषणाई ही स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि तिचा फोटो व्यावसायिक कामात वापरायचा तर परवानगी घ्यावी लागते. ड्रोनचंही तसंच. आधी स्थानिक नियम वाचा, मग उडवा.

५. माहिती खुल्या मंचांवर ठेवा

बहुतेक प्रकल्प ही पायरी गाळतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त फळ हीच देते. पर्यटक तुमची वेबसाइट शोधत येत नाही. तो फोनवरचा नकाशा उघडतो, विकिपीडिया बघतो, शोधयंत्रात नाव टाकतो. तुमची माहिती तिथे असायला हवी.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा २००४ पासून चालू आहे आणि कोणालाही त्यात भर घालता येते. वास्तूचं नाव टाकून थांबू नका. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, बसायचे बाक, पायऱ्या, व्हीलचेअर जाऊ शकेल असे रस्ते, सगळं टाका. इंटरनेटशिवाय चालणारी अनेक नकाशा-अ‍ॅप्स हीच माहिती वापरतात, त्यामुळे एकदा केलेलं काम पुष्कळ ठिकाणी दिसतं. विकिडेटा या विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या माहितीसाठ्यात प्रत्येक स्थळाची नोंद करा, फोटो विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहावर चढवा. विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स ही वारसास्थळांची छायाचित्रस्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तुमच्या भागातल्या छायाचित्रकारांना त्यात उतरवलं तर फोटोंचा प्रश्न बराच सुटतो. विकिपीडियावर मात्र जाहिरातीची भाषा आणि स्वतःच्याच प्रकल्पाचं कौतुक चालत नाही. स्वतंत्र संदर्भ असतील तेवढंच लिहा.

या पद्धतीने काय साधतं ते वेल्समधल्या मॉनमथ या छोट्या शहराने २०१२ मध्ये दाखवलं. तिथल्या वास्तू, दुकानं, शाळा यांवर क्यूआर कोडच्या पाट्या लावल्या आणि त्या थेट विकिपीडियाच्या लेखांना जोडल्या. कोड स्कॅन केला की फोनची भाषा ओळखून त्या भाषेतला लेख उघडायचा. लेख जगभरातल्या स्वयंसेवकांनी लिहिले आणि अनुवादित केले. स्वतःचं अ‍ॅप न बनवता शहर कितीतरी भाषांत बोलू लागलं.

६. गोष्ट लिहा, आणि ती तिथे उभं राहून लिहा

नोंद म्हणजे गोष्ट नव्हे. समजा, थांबा म्हणजे एक जुनं गोदाम आहे. फलकांवर सहसा असा मजकूर दिसतो : 'एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही तीन मजली इमारत तत्कालीन वास्तुशैलीचा उत्कृष्ट नमुना आहे.' हे कुठल्याही इमारतीला लागू पडतं. आता हे वाचा :

'दाराकडे तोंड करून उभे राहा. उजव्या बाजूच्या दगडी चौकटीवर, साधारण कमरेच्या उंचीला, एक आडवी खाच दिसेल. मालाच्या गाड्यांचे आस वर्षानुवर्षं इथे घासत गेले. आता दोन पावलं मागे या आणि छताखाली बघा. भिंतीबाहेर आलेली ती तुळई दिसते? तिला कप्पी बांधून पोती वर ओढत. जिना अरुंद होता, म्हणून माल खिडकीतून आत जायचा. ती खिडकी बाकीच्या खिडक्यांपेक्षा रुंद का आहे, ते आता कळेल.'

यात सन एकही नाही, विशेषण जवळजवळ नाही, पण ऐकणारा डोळे वर करून बघतो. पडद्यावरून नजर उचलायला लावणारा मजकूर हाच चांगला मजकूर. पहिल्या वाक्यात कुठे उभं राहायचं ते सांगा, दुसऱ्यात काय बघायचं ते, आणि मग त्याचा अर्थ. सन, राजे, शैली हे ज्याला हवं त्याच्यासाठी 'आणखी वाचा'मध्ये ठेवा. एका थांब्याचा आवाज दोन मिनिटांपलीकडे नेऊ नका. उन्हात, रहदारीत उभं राहून त्याहून जास्त कोणी ऐकत नाही. मजकूर झाला की तो छापून त्या जागी जा आणि मोठ्याने वाचा. झाडाने तुळई झाकली असेल तर ते घरी बसून कळत नाही.

७. आता साधन निवडा

दोन तासांच्या फेरीसाठी परक्या शहरात कोणी सहजासहजी अ‍ॅप उतरवून घेत नाही. म्हणून सुरुवात साध्या, हलक्या वेबपानांनी करा : दर थांब्याला एक पान, वर फोटो, खाली आवाजाचं बटण, त्याखाली मजकूर आणि 'पुढचा थांबा'. फोटो वेबपी (WebP) या हलक्या स्वरूपात दोनशे केबीच्या आत ठेवा. आवाज ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) मोनोमध्ये ठेवला तर मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो, म्हणजे दोन मिनिटांचा थांबा एक एमबी आणि बारा थांब्यांची फेरी बारा एमबी. एवढं पहिल्या थांब्यावरच एकदम उतरवून घेता येईल अशी सोय करा; अरुंद गल्लीत आणि जाड भिंतींमध्ये नेटवर्क जातंच.

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत कारखान्यातल्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्माला आला आणि म्हणूनच तो मळला-खरचटला तरी चालतो. उघड्यावरच्या फलकासाठी दुरुस्तीची सर्वांत वरची, 'एच' पातळी निवडा. सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या भागाएवढी कोडची रुंदी ठेवा : दीड मीटरवरून वाचायचा तर पंधरा सेंटिमीटर. कोडमध्ये लांब पत्ते छोटे करून देणाऱ्या फुकट सेवेचा पत्ता कधीही घालू नका. ती सेवा बंद पडली की सगळे फलक एका दिवसात मुके होतात. स्वतःच्या डोमेनचा (वेबसाइटच्या नोंदवलेल्या नावाचा) छोटा पत्ता घ्या आणि तो कोडखाली अक्षरांतही छापा; कोणी वर बनावट स्टिकर चिकटवला तर तो तिथेच ओळखता येतो. फलक चकचकीत नको, उन्हात तो वाचता येत नाही. आणि जुन्या दगडात किंवा लाकडात खिळा ठोकू नका. वेगळा खांब घ्या किंवा सहज काढता येईल असा आधार वापरा. वारसा सांगायला निघालेल्या माणसाने वारशालाच भोक पाडू नये.

चालता चालता आपोआप सुरू होणारा आवाज हवा असेल तर जीपीएसच्या मर्यादा ओळखा. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. उंच भिंतींच्या गल्लीत लहरी परावर्तित होतात आणि चूक बरीच वाढते. प्रत्येक थांब्याभोवती वीस-पंचवीस मीटरचं वर्तुळ ठेवा, दोन वर्तुळं एकमेकांत घुसू देऊ नका आणि हाताने सुरू करायचं बटण नेहमी द्या.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचं आकर्षण सगळ्यांना असतं. म्युझियम ऑफ लंडनने २०१० मध्ये 'स्ट्रीटम्युझियम' अ‍ॅप काढलं, त्यात रस्त्यावर फोन धरला की त्याच जागेचा जुना फोटो समोरच्या दृश्यावर दिसायचा. कल्पना सुंदर आहे आणि तिचा गाभा साध्या वेबपानावरही साधतो : त्याच कोनातून आजचा फोटो काढा, जुना त्यावर ठेवा आणि बोटाने सरकवायची पट्टी द्या. बघणारा कुठे उभा राहील तेवढं आधी तपासा. चांगला कोन भर रस्त्यात येत असेल तर तो सोडून द्या.

त्रिमितीय प्रतिकृती साध्या कॅमेऱ्यानेही होते. ढगाळ दिवशी, सावल्या नसताना, वस्तूभोवती फिरत शेजारशेजारचे फोटो एकमेकांवर साठ ते ऐंशी टक्के चढतील असे काढा. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून प्रतिकृती तयार करतं. एखादी मूर्ती, कोरीव दार, कारंजं यासाठी हे उत्तम. पडून गेलेल्या भागाची पुनर्रचना दाखवत असाल तर वारशाच्या संगणकीय चित्रणासाठीच्या लंडन चार्टर या २००९ च्या मार्गदर्शक सनदेचं तत्त्व पाळा : पुराव्यावर आधारलेलं काय आणि अंदाजाने भरलेलं काय, हे बघणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. अंदाजाचा भाग फिकट रंगात दाखवला तरी चालतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने 'जुना फोटो' बनवून लावू नका. तो खरा नाही, आणि शेजारच्या खऱ्या फोटोंवरचाही विश्वास तो घालवतो.

८. भाषा आणि सर्वांसाठी सोय

यंत्राने केलेला अनुवाद हा कच्चा खर्डा समजा. ती भाषा मातृभाषा असलेल्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्या. नावं आणि वास्तूच्या भागांचे शब्द यात यंत्र हटकून घसरतं. दोन भाषा नीट करणं हे दहा भाषा कशाबशा करण्यापेक्षा चांगलं.

प्रत्येक आवाजासोबत त्याचा मजकूर द्या, प्रत्येक फोटोला वर्णन द्या, अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक (कॉन्ट्रास्ट) ठेवा. पायऱ्या कुठे आहेत हे आधीच सांगा आणि त्या टाळणारा पर्यायी रस्ता नकाशावर दाखवा.

९. लोकांपर्यंत पोहोचा, पण गर्दी एकाच जागी ओतू नका

पहिलं काम अगदी साधं : नकाशांवरच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा बरोबर करा. बंद दारापुढे उभ्या राहिलेल्या पाहुण्याला नंतर कुठलीही रील भुरळ घालत नाही.

समाजमाध्यमांवर एकाच देखण्या कोपऱ्याचा मारा धोक्याचा असतो. पॅरिसमधल्या रू क्रेमियू या रंगीत घरांच्या गल्लीत फोटोंसाठी इतकी झुंबड उडाली, की २०१९ मध्ये रहिवाशांनी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीला फाटक लावून ती बंद ठेवावी अशी मागणी केली. म्हणून पोस्टमध्ये तपशील दाखवा, कारागिराचे हात दाखवा, जुन्या-नव्या फोटोंची जोडी दाखवा. लोकेशन मात्र फेरीच्या सुरुवातीचं द्या. पहिल्या पायरीत लिहिलेली अडचण इथे आठवा : गोदामांकडे कोणी फिरकत नसेल तर फेरी तिथूनच सुरू करा. 'सकाळी नऊच्या आत या' एवढी सूचनाही गर्दी पांगवते.

खेळ, बक्षिसं, गुण यांचा मोह आवरा किंवा जागा पाहून वापरा. २०१६ मध्ये पोकेमॉन गोची लाट आली तेव्हा वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाला 'इथे खेळू नका' अशी विनंती करावी लागली होती.

१०. मोजा, पण योग्य तेच मोजा

किती जणांनी पान उघडलं यापेक्षा पुढचं जास्त सांगून जातं : कुठल्या थांब्यावर आवाज अर्ध्यात बंद केला गेला, कुठल्या थांब्यानंतर लोक गळाले, कुठला कोड कोणीच स्कॅन करत नाही. चौथ्या थांब्यावर गळती असेल तर आधी तिथे जाऊन बघा. बहुतेक वेळा कारण मजकुरात नसतं, सावली नसणं किंवा रस्ता ओलांडता न येणं हे असतं. मोजणीसाठी वैयक्तिक माहिती गोळा करायची गरज नाही. वेबसाइटचा वापर मोजणारी मातोमोसारखी खुली साधनं त्याशिवाय चालवता येतात. आणि आकड्यांबरोबर रहिवाशांनाही दर काही महिन्यांनी विचारा, काय बदललं?

११. देखभाल आणि वारसदार

अंदाजपत्रक करताना उभारणीइतकाच ठळक आकडा देखभालीचा लिहा. डोमेनचं नूतनीकरण, फलकांची डागडुजी, बदललेल्या वेळा, पडलेली भिंत, बंद झालेलं दुकान, या प्रत्येकासाठी जबाबदार माणसाचं नाव ठरवा. तीन महिन्यांतून एकदा कोणीतरी साधा, जुना फोन घेऊन पूर्ण फेरी चालावी, प्रत्येक कोड स्कॅन करावा, प्रत्येक आवाज शेवटपर्यंत ऐकावा.

काम बाहेरच्या कंपनीला देत असाल तर करारात तीन कलमं असू द्या. डोमेन आणि सगळी खाती तुमच्या संस्थेच्या नावावर असतील. मूळ फोटो, ध्वनिमुद्रणं आणि स्प्रेडशीट कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा स्वरूपात दर सहा महिन्यांनी तुमच्याकडे येतील. आणि प्रकल्प थांबला तर सगळं साहित्य स्थानिक ग्रंथालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे जाईल. त्या ग्रंथालयाशी सुरुवातीलाच बोलून ठेवा आणि स्प्रेडशीटची पहिली प्रत फेरी खुली होण्याआधीच त्यांच्याकडे पोहोचवा.